पदवी हातात आली, आता मुदती सांभाळा

तृतीय वर्षाचा निकाल लागला की पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या महा ई-सेवा केंद्रांवर नव्या पदवीधरांची वर्दळ सुरू होते. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला नॉन-क्रीमीलेअर. आणि कोणीतरी मोबाइल पुढे करून विचारतेच, "दादा, बेरोजगारी भत्त्याचा फॉर्म भरता का? महिन्याला पाच हजार मिळतात म्हणे." मोबाइलवर व्हिडिओ असतो, व्हिडिओत मंत्रालयाचा फोटो असतो आणि खाली कसली तरी लिंक.

तसा फॉर्मच नसतो. पदवी आहे आणि काम नाही, एवढ्याच कारणावरून दरमहा पैसे देणारी योजना महाराष्ट्रात नाही.

शेजारच्या कर्नाटकात आहे. तिथल्या 'युवानिधी' योजनेत जानेवारी २०२४ पासून पदवीधराला दरमहा ३,००० आणि पदविकाधारकाला १,५०० रुपये मिळू लागले. मुख्य अटी अशा, की उत्तीर्ण झाल्यावर सहा महिने काम मिळालेले नसावे आणि अर्जदार कर्नाटकचा रहिवासी असावा. पैसे जास्तीत जास्त दोन वर्षे मिळतात. म्हणजे निपाणीच्या मराठी पदवीधराला जे मिळू शकते, ते नारायणगावच्या पदवीधराला मिळत नाही. सोशल मीडियावर फिरणाऱ्या व्हिडिओंत अशा परराज्यांतल्या योजनांवर बिनदिक्कत महाराष्ट्राचे नाव चिकटवलेले असते.

महाराष्ट्राची रीत पहिल्यापासून वेगळी आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर पोहोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम आणि कामाला दाम, हे तिचे सूत्र. सुशिक्षित बेरोजगारांच्या आजच्या योजनाही त्याच वळणाच्या आहेत. सरकार पैसे देते, पण ते प्रशिक्षणाला, शिकाऊ उमेदवारीला, पहिल्या पगाराला किंवा धंद्याच्या कर्जाला. यातल्या बहुतेक लाभांना वयाची, वर्षाची किंवा आधी घेतलेल्या लाभाची अट आहे. कुठल्या क्रमाने जायचे हे चुकले, तर एक लाभ घेताना दुसरा कायमचा हातचा जातो. पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात म्हणूनच योजनांच्या नावांपेक्षा त्यांच्या मुदतींकडे जास्त लक्ष हवे.

काम न मिळणे हे एकट्याचे अपयशही नव्हे. केंद्राच्या आवर्ती श्रमबल सर्वेक्षणात जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षात १५ वर्षांवरील सर्वांचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, तर १५ ते २९ या वयोगटाचा १०.२ टक्के.

आधी कागद

जुन्नरकरांचे तहसील कार्यालय जुन्नरलाच आहे. आंबेगाव तालुक्याची बाजारपेठ मंचर, पण तहसील घोडेगावात. दोन्ही तालुक्यांचे प्रांत कार्यालय पुन्हा मंचरला. उत्पन्नाचा आणि वय-अधिवासाचा दाखला तहसीलमधून मिळतो, जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रांतांच्या सहीने. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर घरूनही करता येतो. आहुपे किंवा हातवीजसारख्या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून घोडेगाव-जुन्नरची एक फेरी म्हणजे अख्खा दिवस जातो, त्यामुळे एका फेरीत सगळे दाखले मागणे शहाणपणाचे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने उत्पन्न आणि अधिवास दाखल्याला १५ दिवसांची मुदत घातली आहे. ती उलटली तर अपील करता येते, आणि त्यासाठी अर्जाची पोचपावती जपून ठेवावी लागते.

तीन ठिकाणी हमखास अडते.

पहिले नावात. गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना याचा जास्त त्रास होतो. आधार दुरुस्तीने काम भागले तर उत्तम, नाहीतर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी यातले काहीच होत नाही.

दुसरे बँक खात्यात. सरकारी पैसे खाते क्रमांक पाहून येत नाहीत. जे खाते आधारशी सर्वांत शेवटी जोडले गेले, तिथे ते जमा होतात. शिष्यवृत्तीसाठी अकरावीत उघडलेले आणि आता बंद पडलेले खाते अजून आधारला जोडलेले असेल, तर विद्यावेतन मंजूर होऊनही हातात येत नाही. कोणती बँक जोडलेली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळते.

तिसरे पदवी प्रमाणपत्रात. गुणपत्रिका म्हणजे पदवी प्रमाणपत्र नव्हे. विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभासाठी वेगळा अर्ज आणि शुल्क भरावे लागते. तोवर तात्पुरते पदवी प्रमाणपत्र काढून ठेवले, की मुलाखतीच्या दिवशी धावपळ होत नाही.

नोंदणी कुठे

पूर्वी पुण्याच्या सेवायोजन कार्यालयात रांगेत उभे राहून कार्ड काढावे लागे. आता त्या कार्यालयाचे नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे लांबलचक झाले आहे आणि नोंदणी 'महास्वयम' पोर्टलवर मोफत होते. या नोंदणीवर कोणी घरी नोकरी आणून देत नाही, पण राज्याच्या प्रशिक्षण योजना आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे याच नोंदणीतून चालतात. नोंदणी करून विसरून जाणारे पुष्कळ. बारावीनंतर केलेली नोंदणी पदवीनंतर अद्ययावत केली नसेल, तर पोर्टलच्या लेखी तो उमेदवार अजून बारावी पासच राहतो. त्याचा फटका किती, ते पुढच्याच योजनेत दिसते.

विद्यावेतनाच्या तीन वाटा

पहिली वाट राज्याची. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेला लोक 'लाडका भाऊ' म्हणू लागले, पण ती मुलींसाठीही तेवढीच आहे. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा अधिवास आणि शिक्षण चालू नसणे या मुख्य अटी. बारावी पासला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. नोंदणीत शिक्षण अद्ययावत नसेल तर महिन्याला ४,००० रुपयांचा फरक पडतो, तो इथे. प्रशिक्षणाचा काळ आधी सहा महिन्यांचा होता, २०२५ मध्ये तो ११ महिन्यांपर्यंत वाढवला गेला. ग्रामपंचायती, शाळा, सरकारी कार्यालये आणि खासगी आस्थापनांत उमेदवार रुजू झाले. मुदत संपल्यावर कायम करा, अशी मागणी करत प्रशिक्षणार्थी रस्त्यावरही उतरले. योजनेत मात्र कायम नोकरीचा शब्द नाही. ती अनुभवाची आणि विद्यावेतनाची योजना आहे, असे समजूनच तिच्यात शिरावे आणि पहिल्या महिन्यापासून पुढची नोकरी शोधत राहावे. शेवटच्या दिवशी अनुभवाचे प्रमाणपत्र मागून घ्यायला विसरू नये.

दुसरी वाट केंद्राच्या शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना चालते. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन ९,००० रुपये ठरवले आणि किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना ही योजना साधारण माहीत असते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांना मात्र ती आपल्यासाठीही आहे हे कित्येकदा ठाऊकच नसते. लेखा विभाग, प्रयोगशाळा, भांडार, मनुष्यबळ विभाग अशा ठिकाणी त्यांना घेता येते. मंचरजवळचे दूध प्रक्रिया प्रकल्प, दोन्ही तालुक्यांतले विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकणची आणि शिरूरकडच्या रांजणगावची औद्योगिक वसाहत एवढा मोठा पट्टा इथल्या उमेदवाराच्या हाताशी आहे. जाहिरात निघेपर्यंत थांबायचे कारण नाही. योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करून तो क्रमांक घातलेला अर्ज थेट कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे द्यावा. पदवी ताजी असतानाच ही वाट खुली असते, हे विसरू नये.

तिसरी वाट प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेची. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. देशातल्या मोठ्या ५०० कंपन्यांत १२ महिन्यांची इंटर्नशिप, दरमहा ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६,००० रुपये. वय २१ ते २४ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, या तिच्या मूळ अटी. अर्ज ठरावीक फेऱ्यांतच घेतले जातात.

क्रमाचा प्रश्न येतो तो इथे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्याला प्रधानमंत्री इंटर्नशिपचे दार बंद होते. इंटर्नशिपचे वय चोविसाव्या वर्षी सरते, राज्याची योजना पस्तिशीपर्यंत चालते. रकमेकडे पाहिले तर १०,००० ही ५,००० पेक्षा मोठी, हे उघड आहे. पण गावातल्या कार्यालयात ११ महिने आवक-जावक नोंदवही लिहिणे आणि मोठ्या कंपनीत वर्षभर काम शिकणे, यांचे बायोडेटातले वजन सारखे नसते. बाहेरगावी खोलीचे भाडे आणि मेस वजा जाता हातात काय उरते, हेही आधी कागदावर मांडावे. शेतीच्या हंगामात घरी हात हवा असेल, तर जवळचे ठिकाण निवडण्यातही कमीपणा नाही.

पहिली नोकरी आणि पीएफ

चाकणच्या कंपनीत कंत्राटदारामार्फत लागलेले अनेक जण "हातात पूर्ण पगार मिळतो, पीएफ कापत नाहीत" हे आनंदाने सांगतात. तो आनंद महागात पडतो. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात आयुष्यात पहिल्यांदा भविष्य निर्वाह निधीचे सभासद होणाऱ्यांसाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना आहे. पगार महिना १ लाखाच्या आत असेल, तर एका महिन्याच्या वेतनाएवढी, कमाल १५,००० रुपये, रक्कम कर्मचाऱ्याला दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने नोकरी टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी आणि आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर. पीएफच नसेल तर यातले काही नाही. 'उमंग' ॲपवर चेहरा पडताळणी करून सभासदाचा यूएएन क्रमांक काढता येतो. तो एकच असावा. नोकरी बदलताना नवा काढला की जुने पैसे अडकतात.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना कायद्याखाली येत असेल, तर कर्मचारी राज्य विमाही लागू होतो. कर्मचाऱ्याचा वाटा वेतनाच्या अवघा ०.७५ टक्का. दवाखान्याशिवाय त्यात आणखी एक गोष्ट आहे. २०१८ पासूनच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्या विमाधारकाला, ठरलेले योगदान पूर्ण असेल तर, सरासरी वेतनाच्या ५० टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळू शकते. आपल्याकडे खऱ्या अर्थाने बेकारी भत्ता म्हणावा असा हाच. पण तो आधी विमा कापला गेलेल्यालाच मिळतो. कंत्राटदाराकडून पगारपत्रक, पीएफ आणि विमा क्रमांक मागून घेणे म्हणूनच पहिल्या आठवड्यातले काम आहे.

   

परीक्षांचा हिशेब

दोन्ही तालुक्यांत अभ्यासिका भरलेल्या असतात आणि पहाटे मैदानावर पोलीस भरतीची मुले धावताना दिसतात. आकडे काय सांगतात? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेपेक्षा जास्त. शुल्क खुल्या गटाला १,००० आणि मागासवर्गीयांना ९०० रुपये. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी अर्ज होते १७ लाखांहून अधिक.

परीक्षा देऊ नये असा याचा अर्थ नाही. पण वर्षाला किती अर्ज, किती शुल्क आणि किती प्रयत्न, याचा आकडा घरात बसून ठरवावा. राज्य सेवांत खुल्या गटाची वयोमर्यादा साधारण ३८, मागासवर्गीयांची ४३ पर्यंत जाते. ती मर्यादा लांब दिसते म्हणूनच वर्षे हातातून निसटतात. तयारीचा खर्च मात्र स्वतःच उचलावा असे नाही. पुण्यातल्या बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि टीआरटीआय (अनुसूचित जमाती), तसेच नागपूरच्या महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या संस्था आपापल्या गटातल्या उमेदवारांना निवड परीक्षेतून मोफत प्रशिक्षण आणि काही अभ्यासक्रमांना विद्यावेतनही देतात. महागड्या क्लासची फी भरण्याआधी त्यांच्या जाहिराती पाहाव्यात.

पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी पदवीधरांना दोन पत्ते जवळचे आहेत. एक, घोडेगावचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. दुसरा, जुन्नरमधले आदिवासी उमेदवारांसाठीचे रोजगार मार्गदर्शन केंद्र. तिथे स्पर्धा परीक्षेचे साडेतीन महिन्यांचे प्रशिक्षण विद्यावेतनासह होते. आंबेगाव आणि जुन्नरमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथल्या तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशा १७ संवर्गांतली पदे स्थानिक आदिवासींमधून भरण्याची अधिसूचना २०१४ ची. त्यावर न्यायालयीन वाद झाला आणि २०२४ मध्ये राज्याने निवड झालेल्यांना मानधनावर नेमण्याचा मार्ग काढला. आपले गाव त्या यादीत आहे का, हे अर्जाआधी पाहावे. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. त्याचा अर्ज भरतीची जाहिरात येण्याच्या कितीतरी आधी गेलेला असावा.

धंदा करायचा तर

नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, जुन्नरची द्राक्षे, डोंगरातला हिरडा. माल इथला, पण त्यावरची प्रक्रिया बहुधा दुसरीकडे. २०१८ मध्ये जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र जाहीर झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट बघायला येणाऱ्यांना राहायला, जेवायला आणि सोबत फिरून माहिती सांगायला माणूस लागतो. पदवीधराला इथे जागा आहे.

२०१९ पासूनच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १८ वर्षांवरील उमेदवार जिल्हा उद्योग केंद्रामार्फत अर्ज करतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान आणि १० टक्के स्वतःचा वाटा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आणि ५ टक्के वाटा. म्हणजे १० लाखांच्या प्रकल्पात एखाद्या पदवीधर मुलीने ५०,००० घालायचे, साडेतीन लाख अनुदान आणि ६ लाख बँकेचे कर्ज. टोमॅटो सॉस किंवा द्राक्षांच्या मनुक्यासारख्या उद्योगाला केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून ३५ टक्के, कमाल १० लाखांचे अनुदान हा दुसरा पर्याय. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज परत करते, पण आधी महामंडळाचे पात्रता प्रमाणपत्र आणि मग बँक, हा क्रम पाळला तरच, आणि हप्ते वेळेवर गेले तरच.

बँकेत प्रकरण अडते ते बहुधा सिबिलवर. मोबाइल ॲपवरून घेतलेले आणि थकवलेले ३,००० रुपयांचे कर्ज पुढे ६ लाखांची वाट अडवते. बँक ऑफ महाराष्ट्रच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत निवासी प्रशिक्षण मिळते. तिथले प्रमाणपत्र असेल तर व्यवस्थापकाशी बोलणे सोपे जाते.

कोणालाही पैसे देऊ नयेत

या सगळ्या प्रवासात उमेदवाराने नोंदणी, मुलाखत, गणवेश, लॅपटॉप किंवा 'वरच्या साहेबां'साठी एक रुपयाही देऊ नये. नेमणूक पत्र व्हॉट्सॲपवर आले, तर त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा दूरध्वनी क्रमांक शोधून विचारावे. टेलिग्रामवर घरबसल्या 'टास्क' देणारे आधी दोनशे रुपये देतात आणि मग दोन लाख नेतात. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करावा. पहिल्या तासाभरात तक्रार गेली, तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.

आता कॅलेंडर. निकालाच्या पहिल्या आठवड्यात आधारला जोडलेले खाते तपासावे, महास्वयमची नोंदणी अद्ययावत करावी आणि तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्राचा अर्ज द्यावा. पहिल्या महिन्यात सर्व दाखले आणि शिकाऊ उमेदवारीची नोंदणी उरकावी. तिसऱ्या महिन्यापर्यंत तीन वाटांपैकी एक निवडावी, सहाव्या महिन्यात परीक्षांच्या खर्चाचा घरच्यांसोबत हिशेब करावा. रकमा आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी त्या योजनेचा ताजा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उघडून वाचावा. तो मराठीतच असतो आणि वाचायला पैसे पडत नाहीत.